थरांकडून गटांकडे : हलत्या चित्राच्या रचनेतील एका तत्त्वाचा महाराष्ट्रातील मागोवा

प्रस्तावना

संगणकावर चित्रपटाचे शीर्षक, जाहिरात किंवा शैक्षणिक अनुबोधपट तयार करणारा कलाकार आपले दृश्य एका सलग पृष्ठावर काढत नाही. पार्श्वभूमी, पात्र, अक्षरे, सावली आणि प्रकाश हे सर्व घटक तो वेगवेगळ्या पारदर्शक थरांवर ठेवतो. व्यवसायात या थराला ‘लेयर’ म्हणतात. काही सेकंदांच्या दृश्यातही थरांची संख्या शंभराच्या पुढे जाऊ शकते. या थरांना अर्थपूर्ण रीतीने एकत्र बांधून त्यांना नाव देणे, म्हणजेच त्यांचे ‘ग्रुप’ किंवा गट करणे, हे मोशन डिझाइनच्या शिक्षणातील प्रारंभीचे पाठ होत. सामान्यतः या क्रियेकडे टेबल आवरून ठेवण्यासारखी एक सोय म्हणून पाहिले जाते. प्रस्तुत लेखात या समजुतीची ऐतिहासिक तपासणी केली आहे.

गटरचना ही संगणकाने दिलेली सोय नसून हलत्या चित्राच्या घडणीतच अंतर्भूत असलेले तत्त्व आहे. संगणकपूर्व काळात महाराष्ट्रातील कलावंतांनी ते हाताने, काचेवर, कापडावर आणि कागदावर राबविले होते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. त्याचबरोबर, तयार कलाकृतीत हे गट लोप पावतात आणि त्यामुळे कलावंताच्या निर्णयांचा इतिहासही लोप पावतो, या प्रश्नाकडे लक्ष वेधणे हा लेखाचा दुसरा हेतू आहे. विवेचनासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

संज्ञा आणि एक स्थानिक दृष्टान्त

थर आणि गट यांतील भेद स्पष्ट होण्यासाठी हुपरीचे उदाहरण उपयुक्त ठरते. कोल्हापूर जिल्ह्याच्या हातकणंगले तालुक्यातील हुपरी हे चांदीच्या दागिन्यांसाठी, विशेषतः पैंजणांसाठी, सर्वदूर प्रसिद्ध आहे. पैंजण हा एकसंध धातूचा तुकडा नसतो. त्यात कड्या असतात, कड्यांची साखळी असते, साखळीला घुंगरांचे झुपके असतात आणि टोकांना अडकवण्याचा आकडा असतो. प्रत्येक घुंगरू स्वतंत्रपणे हलते आणि वाजते. परंतु झुपका डोलला की त्यातील सर्व घुंगरे डोलतात आणि पाऊल पुढे पडले की सारे झुपके पावलाबरोबर पुढे जातात. घुंगराला स्वतःची गती असते, शिवाय ज्याला ते जोडले आहे त्याची गतीही त्याला मिळते.

संगणकातील गटाचे स्वरूप नेमके असेच असते. पात्राचा हात हा एक थर मानला, तर तो खांद्याभोवती फिरू शकतो. हात, धड व मस्तक यांचा मिळून ‘पात्र’ हा गट केला आणि तो गट डावीकडून उजवीकडे नेला, तर हात फिरता फिरता पात्राबरोबर पुढेही जातो. एका गटात दुसरा गट आणि त्यात तिसरा अशी उतरंडही रचता येते. म्हणून थर हा चित्राचा घटक होय, तर गट हा त्या घटकांमधील नात्याचा उच्चार होय. कोणते घटक एकत्र हलतील, कोण कोणाच्या पुढे दिसेल आणि त्या समूहास काय म्हणावे, या तीन गोष्टी गट ठरवितो. पुढील विवेचनात गती, क्रम आणि नाव या तीन अंगांचाच मागोवा घेतला आहे.

पूर्वपरंपरा : पोथी आणि खरोलिका

महाराष्ट्रात चित्रांचे गट करून कथा सांगण्याची परंपरा सिनेमाच्या आधीची आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळजवळच्या पिंगुळी येथील ठाकर समाजाने जतन केलेली चित्रकथी ही तिचे ठळक उदाहरण होय. कथेकरी एकेक चित्र श्रोत्यांसमोर धरून रामायण-महाभारतातील आख्यान गाऊन सांगतो. ही चित्रे सुटी असतात; मात्र एका आख्यानाची चित्रे एकत्र बांधून ठेवली जातात आणि त्या बांधणीला ‘पोथी’ म्हणतात. येथे गटाची दोन अंगे, म्हणजे क्रम आणि नाव, स्पष्टपणे उपस्थित आहेत. पोथी सुटली आणि चित्रे एकमेकांत मिसळली तर चित्रे राहतात, पण आख्यान हरवते. याच समाजाने चामड्याच्या छायाबाहुल्या आणि कळसूत्री बाहुल्या यांचीही परंपरा सांभाळली असून तेथे गती हे तिसरे अंगही येते. या कलांच्या जतनासाठी परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

प्रकाशाच्या साहाय्याने थरांची रचना करण्याचा मराठी प्रयत्न म्हणून कल्याण येथील महादेव गोपाळ पटवर्धन यांच्या ‘शांबरिक खरोलिके’चा निर्देश करावा लागतो. शंबर हा मायावी असुर. त्यावरून ‘शांबरिक’ म्हणजे मायिक, आणि ‘खरोलिका’ म्हणजे दिवा अथवा कंदील. पटवर्धन आणि त्यांच्या पुत्रांनी 1892 च्या सुमारास या खेळास प्रारंभ केला. मुंबईत वॉटसन हॉटेलमध्ये 7 जुलै 1896 रोजी ल्युमिएर बंधूंच्या चलत्‌चित्रांचा पहिला खेळ झाला, त्यापूर्वी काही वर्षे हा उपक्रम सुरू होता. काचेच्या छोट्या पट्ट्यांवर हाताने रंगविलेली चित्रे एकाहून अधिक दिव्यांतून पडद्यावर टाकली जात आणि कथन व संगीत यांची त्यांना जोड असे.

या तंत्राकडे थरांच्या दृष्टीने पाहिले असता त्याचे महत्त्व ध्यानात येते. स्थिर देखावा एका दिव्यातून आणि पात्र दुसऱ्या दिव्यातून टाकले की देखावा न हलविता पात्र हलविता येते. एका पात्राच्या निरनिराळ्या अवस्था निरनिराळ्या काचांवर रंगवून त्या झटपट बदलल्या की हालचालीचा भास होतो. अशा खेळात एका पात्राच्या सर्व काचा एकत्र आणि योग्य क्रमाने हाताशी असणे ही अत्यावश्यक बाब होय. काच चुकली तर ती सुधारण्यास वेळ नाही, कारण प्रेक्षक समोर बसलेले आहेत. म्हणजेच काचांची वर्गवारी हा खेळाचाच भाग ठरतो, खेळानंतरची आवराआवर नव्हे.

कोल्हापूर : रंगपटाकडून रजतपटाकडे

थरांची दुसरी शाळा म्हणजे मराठी संगीत रंगभूमी होय. तिच्या सजावटीत मागचा पडदा, दोन्ही बाजूंच्या विंगा, वरच्या झालरी आणि मध्ये उभे केलेले कापीव देखावे असे एकामागे एक असलेले पृष्ठभाग असत. प्रत्येक पृष्ठभाग वेगळा रंगविलेला असला तरी प्रवेश बदलताना ‘अरण्य’ किंवा ‘राजवाडा’ या नावाने ओळखला जाणारा संपूर्ण संच बदलावा लागे. पडदा अरण्याचा आणि विंग महालाची राहिली तर प्रसंगाचा विचका होणार. एका नावाखाली अनेक पृष्ठभाग एकत्र हलविण्याची ही पद्धत गटरचनेचे प्रत्यक्ष रूप आहे.

कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे दोघे नाटकांचे पडदे रंगविण्याच्या या व्यवसायातूनच पुढे आले. आनंदराव 1916 मध्ये निवर्तले. बाबूरावांनी स्वतः कॅमेरा सिद्ध करून महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली आणि 1920 मध्ये ‘सैरंध्री’ हा मूकपट प्रदर्शित केला. पडद्याच्या रंगकामातून आलेल्या या कलावंताला दृश्याची खोली ही एकामागे एक ठेवलेल्या पृष्ठभागांतून साकारते, हे निराळे शिकावे लागले नसावे. ‘सिंहगड’ (1923) आणि ‘सावकारी पाश’ (1925) यांतून पुढे आलेली त्यांची दृश्यदृष्टी या पूर्वानुभवापासून वेगळी काढता येत नाही.

याच काळात दादासाहेब फाळके यांनी कॅमेऱ्याच्या आतच थर रचण्याचा मार्ग अवलंबिला होता. ‘अंकुराची वाढ’ या प्रारंभीच्या प्रयोगात त्यांनी रोपाच्या वाढीची एकेक चौकट टिपली. ‘श्रीकृष्णजन्म’ (1918) आणि ‘कालियामर्दन’ (1919) यांतील चमत्कारदृश्यांच्या मुळाशी ट्रिक छायाचित्रण होते. एकाच फिल्मवर दोनदा चित्रण करण्याच्या तंत्रात दृश्याचा एक भाग झाकून दुसरा टिपावा लागतो, मग फिल्म मागे गुंडाळून झाकलेला भाग उघडावा लागतो. या रीतीत थर मनात वेगळे असतात. फिल्मवर मात्र ते टिपले जाताक्षणी कायमचे एक होतात. संगणकावरील कलाकार आज थर हवे तेव्हा वेगळे करू शकतो. त्या काळच्या कलावंताला गट आधी डोक्यात पक्का करावा लागे.

बाबूराव पेंटर यांच्या तालमीत तयार झालेले व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल व केशवराव धायबर यांनी सीताराम कुलकर्णी यांच्या साहाय्याने 1 जून 1929 रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. 1933 मध्ये ती पुण्यास गेली. दामले-फत्तेलाल दिग्दर्शित ‘संत तुकाराम’ (1936) मधील वैकुंठगमन आणि ‘संत ज्ञानेश्वर’ (1940) मधील चालणारी भिंत ही दृश्ये मराठी प्रेक्षकांच्या स्मरणात कायम राहिली. भिंतीच्या दृश्याचे तर्कशास्त्र पाहण्यासारखे आहे. भिंत आणि तिच्यावर बसलेली चारही भावंडे मिळून एक गट होतात. जमीन व आकाश हा दुसरा. पहिला गट संपूर्णपणे एकत्र हलला पाहिजे आणि दुसरा स्थिर राहिला पाहिजे. भिंत हलली आणि भावंडे किंचित मागे राहिली, तर चमत्कार उरत नाही, हसे होते. श्रद्धेचे दृश्य विश्वसनीय होण्यासाठी कोणते घटक एकत्र बांधायचे याचा निर्णय अचूक असावा लागतो, ही गोष्ट येथे स्पष्ट होते.

पारदर्शक पत्रे : रेखाचित्रपटातील शिस्त

आजच्या संगणकीय थराचा थेट पूर्वज म्हणजे रेखाचित्रपटात वापरले जाणारे सेल्युलॉइडचे पारदर्शक पत्रे, म्हणजेच ‘सेल’ होत. अमेरिकेत अर्ल हर्ड यांनी 1914 मध्ये या तंत्राच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्यापूर्वी प्रत्येक चौकटीसाठी पार्श्वभूमीसह संपूर्ण चित्र पुन्हा काढावे लागे. सेलमुळे पार्श्वभूमी एकदाच रंगवून तिच्यावर केवळ बदलणारा भाग ठेवणे शक्य झाले. पात्र बोलत असेल तर धड एका पत्र्यावर स्थिर ठेवून फक्त ओठ दुसऱ्या पत्र्यावर बदलत. जर्मनीत लोटे रायनिगर यांनी 1926 च्या छायाचित्रपटात काचेच्या अनेक पातळ्या वापरल्या, तर डिस्नेच्या ‘द ओल्ड मिल’ (1937) मध्ये बहुपातळी कॅमेऱ्याने थरांमधील अंतरही बदलता येऊ लागले.

या तंत्रातही मर्यादा होत्या. प्रत्येक पत्रा खालच्या रंगाला किंचित मळकट करतो. म्हणून साधारणतः चारांहून अधिक थर रचणे टाळले जाई आणि खालच्या थराचे रंग मुद्दाम उजळ घेतले जात. कोणत्या चौकटीत कोणता पत्रा कोणत्या पातळीवर ठेवायचा याची नोंद ‘एक्स्पोजर शीट’ या तक्त्यावर होई. तक्त्याचे उभे रकाने म्हणजे थर आणि आडव्या ओळी म्हणजे चौकटी. सेकंदाला 24 चौकटी या हिशेबाने दहा सेकंदांच्या दृश्यास 240 ओळी लागत. आजच्या संगणकाच्या पडद्यावरील ‘टाइमलाइन’ म्हणजे हाच तक्ता आडवा केलेला होय.

प्रभातने 1930 च्या दशकात ‘जंबू काका’ हा रघुनाथ केळकर यांचा रेखाचित्रपट काढला. पुढे 1948 मध्ये स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनच्या मुंबईतील व्यंगचित्रपट विभागात हे काम संस्थात्मक स्वरूपात रुजले. डिस्नेचे कलावंत क्लेअर वीक्स 1956 मध्ये तेथे मार्गदर्शनासाठी आले. जातककथेवर आधारित ‘द बनियन डिअर’ 1957 मध्ये तयार झाला. जी. के. गोखले आणि राम मोहन हे या विभागातील प्रमुख कलावंत होत. अशा विभागात एक जण रेखाटतो, दुसरा शाई फिरवितो, तिसरा रंग भरतो आणि चौथा कॅमेऱ्याखाली पत्रे लावतो. या चौघांमधील संवाद पत्र्यावरील क्रमांक आणि तक्त्यावरील नोंद यांतूनच होत असतो. येथे ‘नाव’ या अंगाचे महत्त्व प्रकर्षाने जाणवते. पत्र्यावर नाव नसेल तर पुढचा माणूस काम करू शकत नाही.

संगणकाचे युग : तत्त्वाला मिळालेली भाषा

संगणकाने थरांना गणिती पाया दिला. 1984 मध्ये थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी पारदर्शक प्रतिमा एकमेकींवर ठेवण्याचे बीजगणित मांडले. त्यातील ‘वर ठेवणे’ ही क्रिया साहचर्याचा नियम पाळते, पण क्रमनिरपेक्षतेचा पाळत नाही. क, ख आणि ग या तीन थरांत आधी क-ख एकत्र करून ते ग वर ठेवले काय किंवा आधी ख-ग एकत्र करून त्यावर क ठेवला काय, फल एकच येते. परंतु क आणि ख यांची अदलाबदल केली तर चित्र बदलते. क्रम न मोडता लगतचे थर गटात बांधण्याचे स्वातंत्र्य या नियमातून येते.

मात्र गटाला स्वतःचे गुणधर्म दिले की फल बदलते. एकमेकांवर अंशतः आलेले दोन अपारदर्शक थर प्रत्येकी 50 टक्के पारदर्शक केले, तर जेथे ते एकमेकांवर येतात तेथे पार्श्वभूमी 25 टक्के दिसते आणि वरच्या थरातून खालचाही डोकावतो. तेच दोन थर अपारदर्शक ठेवून गटात बांधले आणि संपूर्ण गट 50 टक्के पारदर्शक केला, तर पार्श्वभूमी सर्वत्र सारखीच 50 टक्के दिसते आणि खालचा थर वरच्यातून दिसत नाही. पात्र विरून जाताना त्याच्या सदऱ्यातून छाती किंवा चेहऱ्यामागून केस दिसू नयेत, यासाठी गट अनिवार्य ठरतो. गट ही निव्वळ सोय नाही, याचा हा सर्वांत सोपा पुरावा होय.

सॉफ्टवेअरच्या इतिहासात हे तत्त्व टप्प्याटप्प्याने प्रकट झाले. ‘आफ्टर इफेक्ट्स’ 1993 मध्ये आले. ‘फोटोशॉप’मध्ये थर 1994 च्या तिसऱ्या आवृत्तीत आले, तर थरांचे संच 2000 मधील सहाव्या आवृत्तीत, म्हणजे थरांनंतर गटाला सहा वर्षे थांबावे लागले. ‘आफ्टर इफेक्ट्स’मध्ये थरांचा समूह एका स्वतंत्र रचनेत गुंडाळण्याची रीत रूढ झाली. अ‍ॅपलच्या ‘मोशन’ (2004) मधील शब्दांचा प्रवास तर विशेष बोलका आहे. आरंभी त्यात बाहेरच्या वेष्टनाला ‘लेयर’ आणि आतील घटकाला ‘ऑब्जेक्ट’ म्हणत. 2007 च्या तिसऱ्या आवृत्तीत त्रिमिती आली आणि वेष्टनास ‘ग्रुप’, तर घटकास ‘लेयर’ असे नवे नाव मिळाले. त्या प्रणालीत प्रत्येक थर कोणत्या ना कोणत्या गटातच असतो. गटाबाहेर थराला स्थान नाही.

गटांचे विसर्जन आणि इतिहासाचा प्रश्न

वरील विवेचनातून एक अडचणीची बाब समोर येते. प्रेक्षकांसमोर येणारी कलाकृती ही नेहमी सपाट असते. फिल्मवर उमटलेल्या चौकटीत किंवा संगणकातून बाहेर पडलेल्या चित्रफितीत थर उरत नाहीत. सेलचे पत्रे कित्येक स्टुडिओंत धुऊन पुन्हा वापरले जात. पेंटर यांचे बहुतांश मूकपट आज उपलब्ध नाहीत, आणि जे चित्रपट उरले त्यांचे पडदे, काचा, तक्ते उरले नाहीत. पुण्यात 1964 मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. तथापि 8 जानेवारी 2003 रोजी पूर्वीच्या प्रभात स्टुडिओच्या आवारातील गोदामास लागलेल्या आगीत नायट्रेट फिल्मचा मोठा साठा भस्मसात झाला. चित्रपटच नष्ट होतात तेथे त्यांच्या घडणीची साधने टिकण्याची अपेक्षा कशी करावी?

हुपरीचा दृष्टान्त येथे पुन्हा उपयोगी पडतो. जुने पैंजण मोडीत निघते तेव्हा त्याचे वजन केले जाते आणि चांदीचा भाव मिळतो. चांदी कोठेही जात नाही. पण कडी कडीला कशी जोडली होती आणि झुपका कोठे बसविला होता, हे त्या मुशीत वितळून जाते. सपाट चित्रफीत ही अशीच वितळलेली चांदी होय. तीत मूल्य आहे, पण कारागिरीचा आलेख नाही.

संगणकीय प्रकल्पाच्या फाइलमध्ये हा आलेख प्रथमच सहजपणे टिकण्याची शक्यता निर्माण झाली आहे. परंतु ती शक्यता गटांच्या नावांवर अवलंबून आहे. ‘लेयर 47’, ‘लेयर 47 प्रत’ अशा शंभर थरांची फाइल तांत्रिक दृष्ट्या शाबूत असूनही अवाच्य असते. सहा महिन्यांनी खुद्द कर्त्यालाही ती उलगडत नाही. मग वीस वर्षांनंतरच्या अभ्यासकाची गोष्टच नको. याउलट ‘भिंत आणि भावंडे’, ‘आकाश’, ‘धूळ’ असे गट असलेली फाइल ही कलावंताने नकळत लिहिलेली टिपणवही ठरते. त्याने कशाला एकत्र मानले आणि कशाला वेगळे, हे तीतून वाचता येते. दफ्तरखान्यात कागदांइतकेच रुमालांवरील शेऱ्यांचे महत्त्व असते. रुमाल सोडून कागद एकत्र केले तर प्रत्येक कागद राहतो, पण कारभार दिसेनासा होतो.

निष्कर्ष

1. थरांची गटरचना हे संगणकाने निर्माण केलेले तंत्र नाही. चित्रकथीची पोथी, शांबरिक खरोलिकेच्या काचा, संगीत रंगभूमीचे पडदे, प्रभातची चमत्कारदृश्ये आणि फिल्म्स डिव्हिजनची पारदर्शक पत्रे यांतून हे तत्त्व महाराष्ट्रात सातत्याने वावरले आहे.

2. गट गती, क्रम आणि नाव ही तीन कार्ये करतो. पहिल्या दोहोंचा संबंध दृश्याच्या प्रत्ययाशी असून तिसऱ्याचा संबंध सामूहिक श्रमाशी व स्मृतीशी आहे. शिक्षणात पहिल्या दोहोंवर भर दिला जातो आणि तिसरे दुर्लक्षित राहते.

3. अंतिम कलाकृती सपाट असल्याने घडणीचा इतिहास गटरचनेतच शिल्लक राहतो. म्हणून महाविद्यालयीन स्तरावर मोशन डिझाइनचे मूल्यमापन करताना केवळ चित्रफीत न स्वीकारता तिची सुव्यवस्थित प्रकल्प-फाइलही स्वीकारावी व जतन करावी. इतिहास आणि कला या दोन्ही विभागांनी मिळून करण्याजोगे हे काम आहे.

पटवर्धनांच्या काचा योग्य क्रमाने हाताशी असल्या तरच खेळ उभा राहत असे. आजच्या कलाकाराचे थर योग्य गटात नसले तरी चित्रफीत कशीबशी तयार होते; म्हणूनच त्या शिस्तीचे मोल त्याला तात्काळ कळत नाही. ते कळते तेव्हा बहुधा फाइल दुसऱ्याच्या हाती गेलेली असते आणि विचारायला पहिला माणूस जवळ नसतो.